औरंगाबाद : विज्ञानभाषेचा प्रश्न

विज्ञान कोणत्या भाषेत शिकवावे हे राजसत्तेने ठरवले आणि त्या भाषेत शब्द कसे घडवावेत यावर विद्वानांत तात्त्विक वाद झाला, याचा मराठवाड्यातील महत्त्वाचा दाखला. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) हे उर्दूला विज्ञानभाषा बनवण्याच्या प्रयत्नाचे एक मोठे केंद्र होते. मौलवी अब्दुल हक येथे शिक्षण खात्यात होते. ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचा कारभार 1912 मध्ये त्यांच्याकडे आला आणि तिचे कार्यालयही याच शहरात आले. 1917 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाला मान्यता दिली. रसायन, पदार्थविज्ञान, वैद्यक, सारेच उर्दूत शिकवायचे, म्हणजे हजारो संज्ञा नव्याने घडवणे आले.

एका पक्षाला अरबी धातूंपासून शब्द हवे होते. उर्दू विद्वान वहीदुद्दीन सलीम यांनी ‘वज़-ए-इस्तलाहात’ या ग्रंथात वेगळा विचार मांडला. उर्दू आर्यकुळातील भाषा आहे, तेव्हा फारसी आणि देशी शब्द जोडून समास करण्याची तिची रीत संज्ञांनाही लागू व्हावी, असे त्यांचे म्हणणे. जुन्या शहरातील गुलमंडी या बाजारपेठेचे नाव याच रीतीचे आहे : ‘गुल’ फारसी, ‘मंडी’ देशी. बाजाराने हा समास कोणालाही न विचारता केला होता, म्हणून सलीम यांची बाजू अधिक सकस वाटते.

शब्दासोबत विचारही येतो. मराठीत आपण ‘प्राणवायू’ म्हणतो तेव्हा योगशास्त्रातला प्राण रसायनाच्या वर्गात येऊन बसतो. ‘ऑक्सिजन’ तरी कुठे निर्लेप आहे? प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, या रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएच्या समजुतीवरून ‘आम्लजनक’ अशा अर्थाचे ते नाव पडले. पुढे समजूत खोटी ठरली, नाव राहिले.

भारतीय भाषेत उच्च विज्ञानशिक्षण देता येते हे उस्मानियाने दाखवले, हे त्याचे मोठे ऋण. पण मराठवाड्यातील बहुसंख्य लोकांची भाषा मराठी होती. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला उष्णता आणि प्रकाशाचे नियम आधी परक्या लिपीतून सोडवून घ्यावे लागत. ही सल खरी होती.

अंजुमनचे कार्यालय 1938 मध्ये दिल्लीला गेले. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर उस्मानियाचे माध्यम बदलले आणि तेथे उर्दूऐवजी इंग्रजी आली.