तुम्ही कोणाच्या कोण?

संस्थेचं मन ओळखायचं असेल तर तिची उद्दिष्टं वाचू नयेत, सभासदत्वाचा अर्ज वाचावा. उद्दिष्टं सगळ्यांचीच थोर असतात. अर्ज मात्र नेमकं विचारतो. बायकांच्या संस्थांचे अर्ज फार करून दोनच गोष्टी विचारत आले आहेत : तुम्ही काय करता, किंवा तुम्ही कोणाच्या कोण?

आपल्याकडचं बायकांचं जुनं मंडळ म्हणजे हळदीकुंकू. त्याला घटना नाही, वर्गणी नाही, पण नियम पक्का. नवरा जिवंत हवा. वाशीमला माझ्या लहानपणी शेजारच्या काकू संक्रांतीला मला हाक मारून तिळगूळ आणि वाण द्यायच्या. मी मुसलमानाची मुलगी, म्हणून कुंकू तेवढं लावायच्या नाहीत. मला त्यांचा उंबरा मोकळा होता. त्यांच्या सख्ख्या जावेला मात्र बैठकीत जागा नव्हती, कारण ती विधवा. तिळगुळाचे तीळ भाजलेले असायचे तिनेच.

या नियमाला आपल्या वऱ्हाडातूनच फार लवकर सवाल झाला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग नवरा मेला की बाईचंच सगळं का संपतं, हा त्यांचा रोखठोक प्रश्न. पुढे १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सेवासदन उभं राहिलं. ज्यांना हळदीकुंकवात जागा नव्हती अशा तरुण विधवांना सेवासदनने शिकवलं, ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकायला पाठवलं. त्या काळी यावर काहूर उठलं होतं. बाईकडे ‘हिला काय करता येईल’ या नजरेनं पाहणारी संस्था नवीनच होती.

तिकडे गोऱ्यांच्या देशांत फार निराळं चाललं होतं असं समजू नका. १९०५ मध्ये शिकागोत रोटरी क्लब निघाला. एकेका व्यवसायातला एकेक माणूस घ्यायचा, असा त्याचा नियम, आणि माणूस म्हणजे पुरुष. मग बायकांनी काय करायचं? मँचेस्टरच्या रोटरी सभासदांच्या बायका नोव्हेंबर १९२३ मध्ये एका तुर्की हमामात जमल्या आणि १० जानेवारी १९२४ ला त्यांचा इनर व्हील क्लब सुरू झाला. पुढाकार मार्गारेट गोल्डिंग यांचा. या बाई स्वतः परिचारिका होत्या, पुढे त्यांनी स्वतःचा व्यवसाय सांभाळला. पण त्यांच्याच क्लबात शिरायला लागायचं ते रोटरीवाल्याशी नातं. भारतात १९५५ ला अहमदाबादेत पहिला इनर व्हील निघाला आणि नंतर आपल्याकडच्या लहानमोठ्या शहरांतही पोचला. त्या बायकांनी केलेल्या कामाबद्दल मला आदर आहे. पण दाराशी विचारलेला प्रश्न हळदीकुंकवाच्या फार लांबचा नव्हता. आता तो नियम सैल झाला आहे. नातं नसलेल्या बाईलाही सभासद निमंत्रण देऊ शकतात.

अमेरिकेत काही बायकांनी वेगळी वाट धरली. १९१९ मध्ये बफेलो शहरात झोंटा, १९२१ मध्ये ओकलंडला सोरॉप्टिमिस्ट. झोंटा हा तिथल्या आदिवासींच्या लाकोटा भाषेतला शब्द, अर्थ विश्वासू. यांच्या अर्जात नवऱ्याचा रकाना बिनकामाचा. तुमचा स्वतःचा व्यवसाय कोणता आणि त्यात निर्णयाचा अधिकार तुमच्या हाती किती, एवढंच पाहायचे. अटलांटिक महासागर विमानाने एकटीने ओलांडणारी अमेलिया इअरहार्ट झोंटाची सभासद होती. वाचताना छाती फुलते खरी. पण अधिकाराची जागा हीच अट धरली, तर दवाखान्याची प्रमुख आत येते आणि त्याच दवाखान्याची फरशी पुसणारी बाहेर राहते. नवरा सुटला, हुद्दा आडवा आला.

रोटरीने बायकांना आपणहून घेतलं असं नाही. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबने तीन बायकांना सभासद केलं, म्हणून १९७८ मध्ये तो क्लबच संघटनेबाहेर काढला गेला. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८७ मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये जगभरच्या रोटरीचा नियम बदलला.

आपल्याकडे तर प्रश्न आणखी मुळाशी होता, नावाचाच. १९३५ च्या कायद्याने पुष्कळ बायकांना मत मिळालं ते नवऱ्याच्या मालमत्तेवर. स्वतंत्र भारतात ती अट गेली. पण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या होत असताना, मुख्यतः उत्तरेकडे, बायका आपलं नावच सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको. निवडणूक आयोगाने ते चालवून घेतलं नाही आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून गळाल्या. कठोर होतं, पण पुढच्या वेळी त्या नावानिशी आल्या.

आणि हुद्द्याचं म्हणाल, तर त्याचं उत्तर मुंबईच्या गिरगावात मिळालं. १५ मार्च १९५९ ला सात बायका उसने ऐंशी रुपये घेऊन पापड लाटायला बसल्या, त्यातून लिज्जत उभी राहिली. जी लाटेल ती सभासद, आणि सभासद तीच मालक. पुरुष तिथे नोकरीला असू शकतो, सभासद नाही.

आमच्या जिल्ह्यात क्लबाचा अर्ज भरणाऱ्या बायका थोड्या. बचत गटाच्या रजिस्टरात नाव असलेल्या मात्र गावोगाव भेटतात. १९९२ मध्ये नाबार्डने देशात ५०० गटांचा प्रयोग केला, त्यानंतर ही चळवळ पसरली. दहा ते वीस बायका. वीसच का, तर त्यापुढे गेलं की तेव्हा नोंदणीचा कायदा आडवा यायचा. वस्ती एक, दर आठवड्याला बैठक, ठरलेली बचत, आणि एका घरातून एकच सभासद. दिवसभर निंदायला, नाहीतर सोयाबीन सोंगायला गेलेल्या बायका रात्री दिव्याखाली जमतात. बचत, कर्ज, परतफेड, सगळं जिच्या तिच्या नावावर लिहिलं जातं. आमच्या मोहल्ल्यातल्या, नावापुढे ‘बी’ लावून नवऱ्याच्या नावाआड उभ्या राहिलेल्या बायकांना मी तिथे हजेरीला स्वतःच्या नावाला ‘हो’ म्हणताना ऐकलं आहे.

अडतं ते त्या शेवटच्या नियमापाशी. घरातून एकच, मग सासू की सून? एका गावात सासूने जागा सुनेला दिली, कारण रजिस्टर सुनेला वाचता येत होतं. सासू अजून बैठकीला येते. सभासद नाही, तरी पुढच्या ओळीत बसते आणि हप्ता चुकवणारीला अध्यक्षांच्या आधी तीच जाब विचारते.