अवयवविक्रय, मानवी

अवयवविक्रय, मानवी : जिवंत माणसाने आपल्या शरीरातील एखादा अवयव प्रतिरोपणासाठी पैसे वा तत्सम मोबदला घेऊन दुसऱ्यास देणे, म्हणजे अवयवविक्रय होय. मृताच्या अवयवांसाठी त्याच्या वारसांनी मोबदला घेणे हाही त्याचाच एक प्रकार मानला जातो. व्यवहारात मात्र हा प्रश्न प्रामुख्याने वृक्काचा (मूत्रपिंडाचा) आहे. माणसास दोन वृक्के असतात आणि निरोगी व्यक्ती एका वृक्कावर जगू शकते; त्यामुळे जिवंतपणी देता येण्याजोगा, आणि म्हणूनच विकता येण्याजोगा, असा हा अवयव ठरला. यकृताचा काही भागही जिवंत दात्याकडून घेता येतो. पण ती शस्त्रक्रिया दात्यास अधिक धोक्याची असते. अशा विक्रीस कायद्याची मान्यता द्यावी की नाही, हा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जगभर वादाचा विषय झाला. त्या वादात भारतातील, विशेषतः मुंबई व मद्रास (चेन्नई) येथील अनुभवास महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी : वृक्काचे पहिले यशस्वी प्रतिरोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे जोसेफ मरी यांनी केले. दाता व ग्राही एकरूप जुळे भाऊ असल्यामुळे ग्राहीच्या शरीराने परका अवयव नाकारण्याचा प्रश्न उद्‌भवला नाही. पुढे अवयव नाकारण्याची शरीराची ही प्रतिक्रिया दडपणारी औषधे उपलब्ध झाली. तरीही १९८० पर्यंत जवळच्या नातेवाइकाचे वृक्कच अधिक भरवशाचे मानले जाई. अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता मिळालेल्या सायक्लोस्पोरीन या औषधाने ही स्थिती पालटली. रक्ताचे नाते नसलेल्या व्यक्तीचे वृक्कही आता समाधानकारकपणे टिकू लागले. वैद्यकाची ही मोठी प्रगती होती. पण तिच्यामुळेच अनोळखी माणसाच्या वृक्कास प्रथमच बाजारमूल्य प्राप्त झाले.

भारतात जिवंत दात्याकडून वृक्काचे पहिले यशस्वी प्रतिरोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले. मृताचे अवयव वापरण्याच्या मार्गात मात्र कायद्याची अडचण होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ मध्येच हृदयाचे प्रतिरोपण केले होते; परंतु हृदय चालू असताना मेंदूचे कार्य कायमचे थांबणे म्हणजे मृत्यू, ही व्याख्या भारतीय कायद्यात १९९४ पर्यंत नव्हती. त्यामुळे वृक्के निकामी झालेल्या रुग्णापुढे दोनच मार्ग उरत : आयुष्यभर खर्चिक अपोहन अथवा जिवंत माणसाचे वृक्क. नातेवाइकांपैकी कोणी योग्य वा तयार नसेल, तर तो पैसे देऊन परका माणूस शोधू लागे.

विक्रयाचा उदय : अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील एका वैद्याने १९८३ मध्ये परदेशांतील गरिबांची वृक्के विकत घेऊन अमेरिकेतील रुग्णांना पुरविण्याची योजना मांडली. तिच्यावर मोठी टीका झाली आणि अमेरिकेच्या काँग्रेसने १९८४ मध्ये राष्ट्रीय अवयव प्रतिरोपण अधिनियम संमत करून अशा खरेदीविक्रीस पाच वर्षांपर्यंत कैद व ५०,००० डॉलरपर्यंत दंड ठेवला. तुर्कस्तानातून आणलेल्या दात्यांची वृक्के लंडनमध्ये पैसे देऊन घेतल्याचे उघडकीस आल्यावर ब्रिटननेही १९८९ मध्ये बंदीचा कायदा केला. जागतिक आरोग्य परिषदेने १९८७ मध्ये या व्यापाराचा निषेध केला आणि १९९१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली.

याच काळात भारतात हा व्यवहार उघडपणे वाढत होता. मुंबई व मद्रास ही त्याची प्रमुख केंद्रे होती. स्थानिक रुग्णांबरोबरच आखाती देशांतील रुग्णही येथे येत. संयुक्त अरब अमिराती व ओमान येथील १३० रुग्णांनी मुंबईत विकत घेतलेल्या वृक्कांच्या परिणामांचा एक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे प्रमाण मोठे असल्याचे आणि काही रुग्णांना एड्सच्या विषाणूचा संसर्ग झाल्याचे दिसून आले. विक्रीचा व्यवहार घाईचा असतो आणि विकणाऱ्यास आपला आजार लपविण्याचा मोह होतो, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. मद्रासच्या विल्लिवाक्कम या उपनगरात वृक्क विकणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की त्यास ‘किडनीवाक्कम’ असे उपहासाने म्हटले जाऊ लागले. काही शस्त्रक्रियाविशारदांनी या व्यवहाराचे समर्थन केले. रुग्णाचा जीव वाचतो आणि देणाऱ्यासही लाभ होतो; त्यामुळे यास विक्री न म्हणता ‘पुरस्कृत दान’ म्हणावे, असे त्यांचे म्हणणे होते. कागदोपत्री विक्रेत्यास ‘दाता’च म्हटले जाई.

भारतीय कायदा : आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे संसदेस त्यावर सरसकट कायदा करता येत नव्हता. दोन वा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केल्यास संसद कायदा करू शकते, अशी तरतूद संविधानाच्या अनुच्छेद २५२ मध्ये आहे. त्यानुसार महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांनी ठराव केले आणि मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम, १९९४ संमत झाला. तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून प्रथम या तीन राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत अंमलात आला. विक्रीचा बाजार जेथे भरला होता, त्या राज्यांपैकी एकाने बंदीसाठी पुढाकार घेतला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

या कायद्याने मेंदूच्या स्तंभाचा मृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य केला, अवयवांची खरेदीविक्री हा गुन्हा ठरविला आणि जिवंतपणी अवयव देण्याची मुभा मुख्यतः पती, पत्नी, आईवडील, मुले व भावंडे यांच्यापुरती ठेवली. तथापि कलम ९ (३) अन्वये रुग्णाविषयी ‘प्रेम वा जिव्हाळा’ असल्यामुळे अथवा अन्य विशेष कारणास्तव, प्राधिकार समितीच्या मान्यतेने, परक्या व्यक्तीसही अवयव देता येई. खऱ्या मित्रासाठी ठेवलेली ही वाट विक्रेत्यांसाठी खुली झाली. प्रतिज्ञापत्रे तयार करून दिली जात आणि प्रेमाचा पुरावा समितीपुढे पाठ करून सांगितला जाई. समितीस कागद तपासता येत; कर्ज तपासता येत नसे. जानेवारी २००८ मध्ये गुडगाव येथे वृक्कांच्या बेकायदेशीर व्यापाराचे मोठे प्रकरण उघडकीस आले. त्यानंतर २०११ च्या सुधारणेने शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद व वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी वाढविण्यात आली. जवळच्या नातेवाइकांत आजीआजोबा व नातवंडे यांचा समावेश झाला आणि दोन कुटुंबांनी परस्परांत दाते बदलून घेण्यासही मान्यता मिळाली.

इराणमधील व्यवस्था : विक्रीस जवळजवळ सर्व देशांनी बंदी घातली असता इराणने १९८८ मध्ये वेगळा मार्ग पत्करला. तेथे परक्या व्यक्तीस मोबदला घेऊन वृक्क देता येते. शस्त्रक्रियेचा खर्च व देणाऱ्यास ठराविक रक्कम शासन देते. त्याखेरीज ग्राहीनेही काही रक्कम द्यावयाची असते. दोघांची गाठ रुग्णांची एक सेवाभावी संघटना घालून देते. दलालास तेथे स्थान नाही. परदेशी रुग्णास इराणी माणसाचे वृक्क घेता येत नाही. वृक्कांसाठी खोळंबलेल्या रुग्णांची यादी १९९९ मध्ये संपुष्टात आली, असे या व्यवस्थेचे समर्थक सांगतात. ज्यांचे निदानच होत नाही वा ज्यांस अपोहनही मिळत नाही, ते रुग्ण यादीत येतच नाहीत, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. देणाऱ्यांमध्ये गरिबांचे प्रमाण घेणाऱ्यांपेक्षा बरेच अधिक आहे, हे मात्र दोन्ही पक्षांस मान्य आहे.

नैतिक वाद : विक्रीस मान्यता द्यावी, असे म्हणणाऱ्यांत तत्त्वज्ञ जॅनेट रॅडक्लिफ-रिचर्ड्‌स, जॉन हॅरिस आणि अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर हे प्रमुख होत. त्यांचे युक्तिवाद तीन प्रकारचे आहेत. पहिला, वृक्काअभावी दरवर्षी असंख्य रुग्ण मरतात. मोबदल्याने पुरवठा वाढत असेल, तर बंदीची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते. दुसरा, माणसास आपल्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आहे. खाणीत किंवा समुद्रावर जीव धोक्यात घालून पैसे मिळविण्यास कायदा हरकत घेत नाही. तिसरा, गरिबाजवळ पर्याय थोडे असतात. त्यांतील एक काढून घेतल्याने तो अधिक स्वतंत्र होत नाही आणि बंदीमुळे व्यवहार थांबत नसून केवळ चोरून होतो. हॅरिस यांनी चार्ल्‌स एरिन यांच्यासह एकाच सार्वजनिक संस्थेने अवयव विकत घेऊन ते वैद्यकीय गरजेनुसार वाटावेत, अशी योजना सुचविली. तीत श्रीमंतास अग्रहक्क राहत नाही.

विरोधकांचे काही आक्षेप तत्त्वाचे आहेत. मनुष्य हा मूल्यवान असतो, किंमतीचा नसतो, या भूमिकेतून जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने अठराव्या शतकात दात विकण्यासही आक्षेप घेतला होता. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाच्या अभ्यासातून दाखविले, की विकत घेतलेले रक्त अधिक दूषित असते आणि बाजार आला की दानाची वृत्ती क्षीण होते. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांकडून रक्त घेण्यास बंदी आली. तथापि विरोधकांचा सर्वांत प्रभावी आधार तत्त्वापेक्षा विक्रेत्यांच्या अनुभवात आहे.

विक्रेत्यांची स्थिती : चेन्नईतील ३०५ विक्रेत्यांची २००१ मध्ये केलेली पाहणी पुढील वर्षी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी वृक्क विकले होते. कबूल केलेल्या रकमेपेक्षा प्रत्यक्षात हाती आलेली रक्कम कमी होती. ती सरासरी १,०७० डॉलर भरली. शस्त्रक्रियेनंतर कुटुंबाचे उत्पन्न सरासरी एकतृतीयांशाने घटले, सु. ८६ टक्के लोकांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले आणि सु. तीनचतुर्थांश लोक पाहणीच्या वेळीही कर्जातच होते. इतरांनी असे करावे, असे ७९ टक्के लोकांस वाटत नव्हते. विक्रेत्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. पती कमावता आहे किंवा आजारी आहे, हे कारण त्यांपैकी अनेकींनी दिले. इराणमधील करमानशाह येथील विक्रेत्यांच्या पाहणीतही बहुसंख्यांनी पश्चात्ताप व्यक्त केला.

अशा प्रकारे ज्या कारणासाठी विक्री केली, ते कारणच शिल्लक राहिले. हमाली किंवा मजुरी हेच ज्याचे भांडवल, त्याची कष्ट करण्याची शक्ती घटली की एकरकमी मोबदला त्या तोट्याची भरपाई करू शकत नाही. मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोएन यांनी तमिळनाडूतील पाहणीवरून १९९९ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. ज्या वस्तीत वृक्क विकता येते असे ठाऊक होते, तेथे सावकार वृक्कास तारणच समजू लागतो आणि वसुलीचा तगादा अधिक कडक होतो. म्हणजे विक्रीचा पर्याय केवळ विकणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही. जो विकू इच्छित नाही, त्यासही त्याची झळ लागते. ‘पर्याय वाढला म्हणजे स्वातंत्र्य वाढले’ हा समर्थकांचा युक्तिवाद येथे अडतो. विदर्भातील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी २००६ च्या सुमारास वृक्के विक्रीस काढल्याचे जाहीर करून शासनाचा निषेध केला. कर्ज आणि वृक्क यांचा हा संबंध त्यांस नेमका कळला होता.

बंदीच्या बाजूसही उणिवा आहेत. कायद्यास मान्य असलेले नात्यातील दान नेहमीच मुक्त इच्छेने होते, असे नाही. भारतात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे, तर ग्राहींमध्ये पुरुषांचे प्रमाण अधिक आहे. पैशाचा दबाव कायद्यास दिसतो. घरातील दबाव दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न व पर्याय : जगातील एकूण वृक्क प्रतिरोपणांपैकी सु. ५ ते १० टक्के अवैध व्यापारातून होतात, असा अंदाज २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत व्यक्त झाला. पुढील वर्षी इस्तंबूल येथील जाहीरनाम्याने अवयवांचा व्यापार व त्यासाठीचा परदेशप्रवास यांचा निषेध केला. त्याच वर्षी फिलिपीन्सने परदेशी रुग्णांस जिवंत दात्याचे वृक्क देण्यावर बंदी घातली. पाकिस्तानात २००७ मध्ये अध्यादेश व २०१० मध्ये कायदा झाला. दात्याचा प्रवासखर्च, औषधोपचार व बुडालेली मजुरी यांची भरपाई करणे म्हणजे विक्री नव्हे, हा भेद मात्र बहुतेक ठिकाणी मान्य झाला आहे.

मागणीचा दबाव कमी करण्याचा खरा मार्ग मरणोत्तर दानाचा होय. स्पेनने १९८९ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापून प्रत्येक मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक नेमले आणि मरणोत्तर दानात जगात आघाडी मिळविली. भारतात मुंबई येथे २००० मध्ये विभागीय समन्वय केंद्र सुरू झाले, तर तमिळनाडूने २००८ पासून शासकीय पातळीवर अवयववाटपाची व्यवस्था उभारली. विल्लिवाक्कम ज्या राज्यात आहे, त्याच राज्याने मरणोत्तर दानात देशात पुढाकार घ्यावा, हे उद्‌बोधक आहे. तथापि भारतातील बहुसंख्य वृक्के अद्याप जिवंत दात्यांकडूनच येतात. जोपर्यंत ही स्थिती आहे आणि सावकाराच्या कर्जास दुसरा उतारा नाही, तोपर्यंत विक्रीचा प्रश्न केवळ कायद्याच्या बंदीने अथवा परवानगीने सुटण्यासारखा नाही.