इबादतखान्यातली बसायची जागा

मागच्या महिन्यात आमच्या जमातीची सभा झाली. विषय कब्रस्तानाच्या भिंतीचा. पहिला पाऊण तास मात्र पुढच्या खुर्च्यांवर कुणी बसायचं, यातच गेला. एक बुजुर्ग रागावून निघून गेले आणि भिंतीचा विषय तसाच राहिला. लोकांच्या सूचनांसाठी यंदा पेटी ठेवली होती, तीही कुणी उघडली नाही. घरी येताना मला फतेहपूर सिक्रीच्या इबादतखान्याची आठवण झाली. तिथलं पहिलं भांडणही जागेवरूनच झालं होतं.

अकबराने १५७५ मध्ये हा इबादतखाना उभारला. दर गुरुवारी मगरीबनंतर, म्हणजे जुम्म्याच्या रात्री, तिथे मजलिस भरायची. सुरुवातीला बोलावणं फक्त मुसलमानांना होतं: सय्यद, शेख, उलेमा आणि उमराव. मोठमोठे आलीम जमले आणि भांडू लागले, कारण प्रत्येकाला बादशहाच्या जवळ बसायचं होतं. ही तक्रार कानावर आल्यावर अकबराने जागा वाटून दिल्या. पूर्वेला उमराव, पश्चिमेला सय्यद, दक्षिणेला उलेमा, उत्तरेला शेख. जवळ कोण आणि लांब कोण, हा प्रश्नच उरू नये म्हणून तो स्वतः एकेका बाजूला जाऊन बोलणं ऐकू लागला. उपाय साधा होता, पण चांगला होता.

जागा मिटली, जिभा मिटल्या नाहीत. एका रात्री आरडाओरडा इतका वाढला की अकबर चिडला. त्याने मुल्ला अब्दुल कादिर बदायुनीला सांगितलं, यापुढे जो भलतंसलतं बोलेल त्याचं नाव मला कळव, मी त्याला बाहेर काढतो. बदायुनी शेजारच्या आसफखानाला हळूच म्हणाला की मग बहुतेक सगळ्यांनाच उठवावं लागेल. बादशहाने काय कुजबुजताय म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून तो खूश झाला. हे बदायुनीनेच लिहून ठेवलंय. पुढे हाच माणूस अकबराचा कडवा टीकाकार झाला आणि त्याचं पुस्तक बादशहाच्या मृत्यूनंतरच लोकांपुढे आलं. म्हणून मला त्याची ही आठवण जास्त खरी वाटते.

नंतर दारंही उघडली. १५७८ पासून ब्राह्मण, जैन, पारशी अशा इतरांनाही चर्चेत जागा मिळाली. गोव्याला निरोप गेला आणि १५८० मध्ये रोडोल्फो आक्वाव्हिवा, मॉन्सेरात हे जेझुइट पाद्री सिक्रीत दाखल झाले. शाळेच्या पुस्तकात आपण एवढंच वाचतो आणि अभिमानाने सांगतो. मीही सांगत आलोय.

पण एक प्रसंग मला टोचतो. एकदा अकबराने विचारलं, निकाह किती बायकांशी करता येतो? त्याच्या स्वतःच्या बायका चारांहून कितीतरी जास्त होत्या. उलेमांनी चार सांगितल्या. बादशहा म्हणाला, शेख अब्दुन्नबी पूर्वी कधीतरी नऊ म्हणाले होते. अब्दुन्नबींनी सारवासारव केली की मी फक्त मतभेद सांगितला होता, फतवा दिला नव्हता. वाद मुत्‌आपर्यंत गेला. मालिकी काझीने निवाडा दिला तर मुत्‌आ हनफींनाही जायज ठरतो, अशी वाट बदायुनीनेच दाखवली. मग हनफी काझी याकूब बाजूला झाले आणि मालिकी काझी हुसेन अरब त्या जागी आले. निवाडा हवा तसा मिळाला. या चर्चेत ज्यांच्या निकाहाचा सवाल होता, त्यातली एकही बाई बसलेली नव्हती. अकबराची आत्या गुलबदन बेगम त्याच सुमारास बायकांचा काफिला घेऊन हजला निघाली. ती १५८२ मध्ये परतली. अरबस्तानापर्यंतचा समुद्र बाईला ओलांडता येत होता, इबादतखान्याचा उंबरा नाही.

आणखी एक गोष्ट. उलेमांचं एकमत होत नाही, ही या मजलिसीची सर्वात मोठी तक्रार. अकबराने तिच्यावर उपाय शोधला तो १५७९ चा महजर. मुजतहिदांत मतभेद असला, तर त्यातलं कुठलं मत चालवायचं हे बादशहा ठरवेल. अब्दुन्नबी आणि मखदूम-उल-मुल्क या दोघांनीही त्यावर सही केली आणि थोड्याच दिवसांत त्यांची रवानगी मक्केला झाली. बसायची जागा सुधारली, बोलावलेल्यांची यादी सुधारली, पण निकाल देणारा एकच राहिला आणि आता तर कागदोपत्री राहिला. अकबराला मी यासाठी दोष देत नाही, तो बादशहा होता. आमच्या जमातीत कुणीच बादशहा नाही.

परवा शेवटी पेटी उघडली. सात चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या तीन बायकांच्या. मजकूर जवळजवळ एकच: सभेत आम्हालाही बसू द्या. पुढच्या सभेला खुर्च्या काढून सतरंज्या अंथरायच्या, हे लगेच मंजूर झालं. त्या तीन चिठ्ठ्यांचं काय, असं मी विचारलं, तर सचिव म्हणाले, "भाई, आधी भिंत तर होऊ द्या."