कट्टुमरमची झाली कॅटमरान



दिवाळीआधी गटाचा माल घेऊन आम्ही चौघी मांडव्याहून गेटवेला निघालो होतो. धक्क्यावर आमच्यातल्या मावशी म्हणाल्या, "कॅटमरान म्हणे! या इंग्रजी नावांनी जीभ वळत नाही बाई." त्यांना जे सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगते. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. तो तमिळ मच्छीमारांचा आहे.

तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे झाड, लाकूड. हलक्या लाकडाचे काही ओंडके दोरीने एकत्र बांधले, की मासेमारीचं कट्टुमरम तयार. लाटेचं पाणी फटींतून वर येतं आणि फटींतूनच खाली जातं, त्यामुळे ते पाणी भरून बुडत नाही. किनाऱ्याला लागलं की दोर सोडून ओंडके वाळत घालायचे.

विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात कोरोमंडल किनाऱ्यावरचं हे नाव नोंदवलं. पुढे इंग्रजीत तेच नाव जोडबोटीला, म्हणजे दोन तळ शेजारी शेजारी जोडलेल्या बोटीला मिळालं. अशा जोडहोड्या बांधायची विद्या पॅसिफिक बेटांवरच्या लोकांची. १८७६ मध्ये अमेरिकेत नॅथॅनिएल हेरेशॉफ यांच्या 'अमॅरिलिस' या जोडबोटीने शर्यतीत भल्याभल्या नौकांना मागे टाकलं. आज अमेरिका, ऑस्ट्रेलियात हौसेने गळ टाकणारेही कॅटमरान वापरतात, कारण दोन तळांमुळे ती कमी डुलते.

पण ज्यांचा हा शब्द, त्यांच्याकडे काय उरलं? तमिळ किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर मदत म्हणूनही त्याच वाटल्या गेल्या. ओंडक्यांची कट्टुमरम कमी होत गेली. नाव जगभर फिरलं, पण वस्तू आपल्याच दारातून हरवत चालली.

आपल्याकडेही तेच होतंय. होडीचा तोल सांभाळायला बाजूला जे लाकूड बांधतात, ती उलांडी. आपल्या किती मुलांना हा शब्द माहीत आहे? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असे शब्द विचारा. गटाच्या वहीत पैशांचा हिशेब असतोच, मागची दोन पानं शब्दांसाठी ठेवा.

आणि हो, परत येताना मावशींनी खिडकीवर ठसक्यात सांगितलं, "कट्टुमरमची चार तिकिटं द्या!"