विघटनाचा प्रश्न आणि मुंबईची भूमिती

एखाद्या आकृतीच्या सर्व सममिती एकत्र घेतल्या म्हणजे गणिताच्या परिभाषेत एक गट तयार होतो, आणि त्या गटातील प्रत्येक घटकाला सदिश अवकाशावरील मॅट्रिक्सच्या रूपात मांडण्याला प्रतिरूपण म्हणतात. ज्या गटांचे प्रत्येक सान्त-मितीय प्रतिरूपण आणखी न फुटणाऱ्या, म्हणजे अविघटनीय, घटकांत पूर्णपणे विभागता येते, त्यांत संमिश्र संख्यांवरील रिडक्टिव्ह गट येतात. अशा गटाचे अविघटनीय प्रतिरूपण त्याच्या एखाद्या उपगटापुरते मर्यादित केले, की ते बहुधा अखंड राहत नाही; ते कोणत्या घटकांत आणि किती वेळा फुटते, हा विघटनाचा प्रश्न होय. या प्रश्नाच्या भूमितीय उत्तराच्या इतिहासात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे स्थान मोलाचे आहे.

दोन प्रतिरूपणांच्या टेन्सर गुणाकाराचे विघटन हेही या प्रश्नाचेच एक रूप आहे, कारण गटाच्या दोन प्रतींच्या जोडगटात मूळ गट कर्णरेषेवरील उपगट म्हणून बसतो आणि गुणाकाराचे विघटन म्हणजे त्या उपगटापुरते केलेले मर्यादन ठरते. सर्वांत लहान उदाहरणात, दोन ओळींच्या एकक-सारणिकाच्या मॅट्रिक्सांच्या गटासाठी, ३ आणि २ मितींच्या अविघटनीय प्रतिरूपणांचा ६ मितींचा गुणाकार ४ आणि २ मितींच्या दोन घटकांत फुटतो. मोठ्या गटांत मात्र घटकांची संख्या झपाट्याने वाढते आणि केवळ मोजणीच्या सूत्रांतून त्यांचे अस्तित्व ओळखणे कठीण होते.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेल्या के. आर. पार्थसारथी, आर. रंगराव आणि व्ही. एस. वरदराजन यांनी १९६७ च्या निबंधात दाखवले, की अशा गुणाकारात सर्वांत मोठ्या घटकाप्रमाणेच एक विशिष्ट, सर्वांत लहान घटकही नेमका एकदाच आढळतो. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुमानाचे म्हणणे याहून व्यापक होते: प्रत्येक प्रतिरूपणाला त्याचे वर्चस्वी वजन, म्हणजे त्याची ओळख ठरवणारा निर्देशक, असते; त्यांतील एक वजन वाइल गटाच्या, म्हणजे परावर्तनांपासून बनलेल्या सान्त गटाच्या, कोणत्याही घटकाने फिरवून दुसऱ्यात मिळवावे, तर त्या बेरजेशी निगडित असा घटक गुणाकारात असलाच पाहिजे.

या अनुमानाला भूमितीची भाषा मिळण्याची सोय आधीच झाली होती. १९५४ च्या सुमारास पुढे आलेल्या बोरेल–वेय प्रमेयानुसार प्रत्येक अविघटनीय प्रतिरूपण फ्लॅग व्हरायटी नावाच्या आकृतीवरील लाइन बंडलच्या छेदांतून, म्हणजे तिच्यावर पसरलेल्या एका प्रकारच्या फलनांतून, मिळते. तीन ओळींच्या मॅट्रिक्सांसाठी ‘फ्लॅग’ म्हणजे प्रक्षेपी प्रतलातील एक रेषा व तिच्यावरील एक बिंदू. अशा दोन फ्लॅगांच्या परस्परस्थिती नेमक्या ६ असतात, आणि वाइल गटाचे घटकही तेथे ६ च असतात. म्हणजे अनुमानातील प्रत्येक घटकामागे फ्लॅगांच्या जोड्यांच्या अवकाशातील एक भाग उभा असतो. त्या भागाच्या संवृतीवरील प्रत्येक छेद संपूर्ण अवकाशावर विस्तारता येतो, हे सिद्ध झाले तरच भूमितीतून बीजगणिताकडे परतता येणार होते.

हा विस्तार अडवणाऱ्या राशी शून्य होतात, हे दाखवणेच अवघड होते. मिशेल डेमाझ्यूर यांच्या १९७४ च्या संबंधित सूत्राच्या सिद्धतेत त्रुटी आढळली होती. १९८५ मध्ये विक्रम मेहता आणि ए. रामनाथन या मुंबईच्या गणितज्ञांनी त्यासाठी फ्रोबेनियस विभाजन हे साधन पुढे आणले. ज्या अंकगणितात एका मूळ संख्येइतक्या वेळा १ मिळवल्यास ० येतो, तेथे बेरजेचा तितकावा घात घातांच्या बेरजेइतकाच असतो. या घातक्रियेला उलट नेणारी, बेरीज जपणारी क्रिया आकृतीवर उपलब्ध असेल, तर त्या अडवणाऱ्या राशी नाहीशा होतात, आणि हा निष्कर्ष नेहमीच्या संमिश्र संख्यांपर्यंत नेता येतो. याच मुंबईत शिक्षण घेतलेल्या श्रवण कुमार यांनी १९८८ मध्ये छेदांच्या विस्ताराच्या याच मार्गाने १९६७ च्या कामातून उद्भवलेले अनुमान सिद्ध केले. ऑलिव्हिए मात्यू यांनीही ते स्वतंत्रपणे सिद्ध केले.

मुंबईच्या टाटा संस्थेतच सी. एस. शेषाद्री, व्ही. लक्ष्मीबाई आणि सी. मुसिली यांनी १९७० च्या दशकात या आकृत्यांवरील छेदांचे सुबक आधारसंच शोधण्याचे काम सुरू केले होते. त्यांच्या कल्पनांतून पीटर लिटलमन यांनी १९९० च्या दशकात वजनांच्या अवकाशातील तुटक रेषामार्गांचे तंत्र घडवले, ज्यात गुणाकाराचे घटक, तसेच ठोकळ्यांच्या मॅट्रिक्सांच्या लेव्ही उपगटापुरते मर्यादन, विशिष्ट कोनाबाहेर न जाणाऱ्या मार्गांच्या नेमक्या मोजणीने कळते. मेहता–रामनाथन यांच्या मार्गाने घटकाचे अस्तित्व समजले आणि शेषाद्रींच्या मार्गाने त्याची संख्या. दोन्ही उत्तरांमागे एकच आकृती उभी आहे, आणि तिचा इतक्या बारकाईने अभ्यास करण्याची चिकाटी मुंबईच्या या परंपरेने दाखवली, हीच तिची खरी देणगी होय.