मूळ संहितेतून घडणारा संपादक

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेखही आहे. फारुकी घराण्यातील राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही मशीद उभारली, तेव्हा दोन्ही भाषांना एकाच वास्तूत स्थान मिळाले. पाथरवटाच्या छिन्नीला अलिफ काय नि जोडाक्षर काय, सारखेच. संगणकाचे तसे नाही. पडद्यावर जोडाक्षर उमटावयाचे तर ते कसे जुळवावे, हे कोणी तरी आधी लिहून ठेवावे लागते. ते लिखाण, म्हणजेच मूळ संहिता, इतरांस पाहावयास व सुधारावयास मोकळी असावी की नसावी, हा प्रश्न ईमॅक्स या लेखन-संपादकाच्या इतिहासात प्रथमपासूनच दिसतो.

ईमॅक्सचा जन्म 1976 साली अमेरिकेत, एमआयटीच्या प्रयोगशाळेत झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो सर्वांस वाटला. अट एकच, की कोणी सुधारणा केल्यास ती परत सर्वांच्या स्वाधीन करावी. पुढे 1981 साली जेम्स गॉस्लिंग यांनी युनिक्ससाठी स्वतंत्र ईमॅक्स रचला. तो आरंभी मुक्तपणे फिरत असे. नंतर त्याचे हक्क एका व्यापारी कंपनीकडे गेले. त्यातील काही भाग स्टॉलमन यांनी आपल्या नव्या ग्नू ईमॅक्समध्ये घेतला होता. तो त्यांना काढून पुन्हा लिहावा लागला. 1985 साली ग्नू ईमॅक्स प्रसिद्ध झाला, तो मूळ संहिता मोकळी ठेवण्याच्या कायदेशीर तरतुदीसह.

या मोकळीकीचे फळ पूर्वेकडील भाषांना मिळाले. जपानमध्ये तयार झालेली बहुभाषिक व्यवस्था 1997 साली विसाव्या आवृत्तीत सामावली गेली आणि तिच्यासोबत देवनागरीही आली. 2009 साली तेविसाव्या आवृत्तीने युनिकोडचा पाया स्वीकारला. 2020 साली सत्ताविसाव्या आवृत्तीत अक्षरे जुळविण्याचे काम हार्फबझ या ग्रंथालयाकडे आले. हे नावच फारसी आहे; त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर. बऱ्हाणपूरच्या मातीला तो शब्द परका नाही.

आजही ज्यास नवनिर्मितीच्या टप्प्यावरील ईमॅक्स हवा, तो मूळ संहिता उतरवून घेऊन आपल्या यंत्रावर घडवू शकतो. 'ऑटोजेन' ही पहिली पायरी. दुसरी 'कॉन्फिगर', ती यंत्राची झडती घेऊन लागणारे साहित्य हजर आहे की नाही ते पाहते व शेवटी यादी देते. ही यादी वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. तीत हार्फबझपुढे नकार असेल, तरी घडण पुरी होऊ शकते. मात्र जोडाक्षरे फुटलेली दिसण्याचा संभव राहतो. मग 'मेक'. या पायरीत प्रथम 'टीईमॅक्स' नावाचा उघडाबोडका सांगाडा बनतो आणि तोच लिस्प भाषेतील उरलेला भाग पोटात घेऊन पूर्ण संपादक होतो. तो तेथेच चालवून पाहावा, देवनागरीत दोन ओळी लिहून पाहाव्यात, आणि मगच 'मेक इन्स्टॉल'ने त्याची स्थापना करावी. अशा आवृत्तीत उणिवा असणारच. म्हणून जुनी स्थिर प्रत हाताशी ठेवणे शहाणपणाचे.

पाथरवटाने कोरलेले अक्षर चुकले, तर ते सुधारणे नाही. संहितेचे तसे नाही. जोडाक्षर कोठे तुटते ते बऱ्हाणपुरातील एखाद्या विद्यार्थ्यासही शोधता येते, आणि त्याने सुचविलेली दुरुस्ती स्वीकारली गेल्यास ती जगभर पोचते. लिपी आपली म्हणावयाची, तर तिच्या दुरुस्तीचा अधिकारही आपल्याच हाती असावा.