शालेय समुपदेशन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्वातंत्र्योत्तर शिक्षणव्यवस्थेत विद्यार्थ्याच्या मनाचा विचार आडवाटेने आला. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) शाळांत मार्गदर्शन सेवेची शिफारस केली; तथापि अभ्यासक्रम व व्यवसाय यांची निवड हाच तिचा प्रमुख हेतू होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले व ते प्राथमिक स्तरापासून असावे, असे सुचविले. प्रत्यक्षात मात्र दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक, एवढीच किमान अपेक्षा ठेवली गेली. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला. येथे मनाला संरक्षण लाभले, आधार नव्हे. पुढे विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक आवश्यक ठरविला. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवावयाची आहे. म्हणजेच वाडीवस्तीवरील लहान शाळेला समुपदेशक आजही बाहेरचाच राहतो. तेथे मुलाचे कोमेजणे प्रथम दिसते ते वर्गशिक्षकाला. म्हणून समुपदेशनाची प्राथमिक जाण हा शिक्षक-प्रशिक्षणाचा गाभा ठरावा, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.